पवईतल्या चार रात्री: आयआयटीतल्या परिषदेला जाताना मुक्काम कुठे करावा

डिसेंबरातली तीन दिवसांची परिषद, शुक्रवार ते रविवार, पवईच्या आयआयटीत. लातूर, अमरावती, कोल्हापूर किंवा मडगावहून येणाऱ्या प्राध्यापकाला, पीएचडीच्या विद्यार्थ्याला यासाठी मुंबईत चार रात्री काढाव्या लागतात. बहुतेक जण खोली भाडं बघून ठरवतात. पवईला ती घड्याळ बघून ठरवावी. पहिलं सत्र साडेनऊच्या सुमारास सुरू होतं, पोस्टरचं सत्र (आपलं संशोधन मोठ्या पोस्टरवर मांडून त्यापाशी उभं राहायचं ते) संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत लांबतं, आणि मधल्या काळात मुंबईचे रस्ते आणि लोकल दोन्ही तुंबलेले असतात. पाचशे रुपये वाचवून घेतलेली लांबची खोली रोज दोन-अडीच तास खाते, आणि ते तास नेमके चर्चेचे, ओळखी होण्याचे असतात.

निघण्याआधी

शोधनिबंध स्वीकारल्याचा मेल आला की त्याच दिवशी मुक्कामाची मागणी पाठवावी. नोंदणी शुल्क नंतर भरलं तरी चालतं, खोलीचं तसं नाही.

आवारात मुक्कामाचे दोन प्रकार. एक गेस्ट हाउस: वनविहार आणि जलविहार ही नावं आयोजकांच्या मेलमध्ये दिसतील. इथे लॉजसारखा थेट फोन करून खोली मिळत नाही. संस्थेतल्या प्राध्यापकाने आपल्या नावावर मागणी करायची, ती मंजूर व्हायची, मग पाहुण्याला कळवायचं, असा क्रम असतो. खोल्या आधी आमंत्रित वक्त्यांना जातात, उरलेल्या ज्येष्ठ प्राध्यापकांना. म्हणून सहा-आठ आठवडे आधी विचारणं. आयोजकांकडे एक अर्ज आणि ओळखीच्या प्राध्यापकाकडे दुसरा, असं मात्र करू नये. एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या की यादी जुळवणारा एक काढून टाकतो, आणि दुसरी कायम आहे की नाही हे शेवटपर्यंत कोणालाच सांगता येत नाही.

दुसरा प्रकार वसतिगृहाचा. सत्र नोव्हेंबरअखेर संपतं, पुढचं जानेवारीच्या सुरुवातीला उघडतं, त्यामुळे डिसेंबरात वसतिगृहं मोकळी असतील असं वाटतं. तसं नसतं. मुलं घरी गेली तरी सामान खोलीत कुलपाखाली असतं, शिवाय पीएचडीवाले बाराही महिने तिथेच राहतात. त्यातच टेकफेस्ट आणि मूड इंडिगो हे आयआयटीचे दोन्ही मोठे महोत्सव डिसेंबरात होतात आणि देशभरच्या कॉलेजांतून येणाऱ्या मुलांना जागा लागते. परिषदेच्या तारखा यांपैकी एकाला लागून असतील तर वसतिगृहाची आशा कमी ठेवून बाहेरची खोली आधीच धरून ठेवावी, रद्द करता येईल अशी. मे ते जुलैच्या मध्यापर्यंतच्या परिषदांना वसतिगृह जास्त सहज मिळतं, पण तेव्हा उकाडा आणि पाऊस सोसावा लागतो.

आयोजकांना मेल करताना नुसतं "राहण्याची सोय हवी" लिहून भागत नाही. खोली कोणत्या तारखेला किती वाजल्यापासून ताब्यात मिळेल, खोलीत किती जण, गादी-उशी-चादर आहे का, न्हाणीघर खोलीला जोडून की सामायिक, पैसे कुठे भरायचे आणि पावती कोणाच्या नावाने, एवढं एकाच मेलमध्ये विचारावं. गुडघे दुखत असतील, सोबत तान्हं मूल असेल किंवा चाकाची खुर्ची असेल तर तळमजला आणि कमोड हवा हे स्पष्ट लिहावं. जुन्या वसतिगृहांत लिफ्ट गृहीत धरू नये. अशा कारणासाठी गेस्ट हाउस मागायला संकोच करण्याचं काहीच कारण नाही. आयोजकांना वेळेत कळलं तर ते खोली बदलून देऊ शकतात, आदल्या रात्री कळलं तर त्यांचाही नाइलाज होतो.

गुरुवार

परिषद शुक्रवारी असली तरी पोहोचायचं गुरुवारी. रात्रीच्या गाडीने शुक्रवारी पहाटे उतरून थेट सभागृहात जायचा बेत कागदावर छान दिसतो. महालक्ष्मी, विदर्भ, देवगिरी, कोकणकन्या या सगळ्या सकाळी मुंबईत येतात, पण खोली बहुतेक ठिकाणी दुपारी बाराला मिळते. गाडी तासभर उशिरा आली की आंघोळ, नाश्ता आणि नोंदणी यांपैकी एक सोडावं लागतं. शुक्रवारी पहाटेच यायला लागणार असेल तर खोली गुरुवारपासूनच घ्यावी, एका रात्रीचं भाडं जास्त गेलं तरी. ते परवडणारं नसेल तर सीएसएमटीला रेल्वेची विश्रामकक्षं आहेत. आयआरसीटीसीवर पीएनआर टाकून काही तासांसाठी आरक्षण होतं. तिथे आवरून सामानासकट कांजूरमार्ग गाठता येतं, पण शुक्रवारचं पहिलं सत्र बहुधा हुकतं.

आयआयटीचं स्टेशन कांजूरमार्ग, मध्य रेल्वेवर. इथे फक्त धीम्या लोकल थांबतात. बाहेरगावची गाडी ठाण्याला थांबत असेल तर तिथेच उतरावं, कारण ठाण्याहून मुलुंड, नाहूर, भांडुप आणि चौथं कांजूरमार्ग. कोकणकन्या ठाण्याला थांबते. इतर गाड्यांचे थांबे आरक्षण करतानाच बघावेत आणि तिकीटही ठाण्यापर्यंतचंच काढावं. दादरला उतरलात तर धीम्या लोकलने माटुंगा, शीव, कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी आणि सातवं कांजूरमार्ग. दादरच्या बाहेर रिक्षा शोधत बसू नये. मुंबईत रिक्षा शीव-माहीमच्या पलीकडेच चालतात, दादरला टॅक्सीच. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरणाऱ्यांनी सरळ रिक्षा करावी. सामान घेऊन कुर्ला स्टेशनपर्यंत जाण्यात आणि तिथला जिना चढण्यात काही वाचत नाही.

कांजूरमार्गला पश्चिमेकडे बाहेर पडायचं. मुख्य फाटक तिथून तीनेक किलोमीटर, मीटरने पन्नास रुपयांच्या आसपास. शेअर रिक्षाही मिळतात. रिक्षावाल्याला "आयआयटी मेन गेट" सांगावं, नुसतं "आयआयटी" नाही, कारण मार्केट गेट वेगळं आहे आणि चुकीच्या फाटकावर उतरलं की बॅग ओढत मागे यावं लागतं. विमानाने येणाऱ्यांना टर्मिनल २ पासून आठेक किलोमीटर. मेट्रो ३ ने आरे-जेव्हीएलआर स्थानकापर्यंत येता येतं, पण पुढे पवईपर्यंत रस्त्यानेच यायचं असल्यामुळे सामान असेल तर विमानतळावरूनच टॅक्सी बरी.

फाटकावर फोटो ओळखपत्र, परिषदेचं निमंत्रण किंवा नोंदणीची पावती आणि ज्यांच्या नावावर खोली आहे त्या प्राध्यापकांचं नाव, विभाग, फोन हे सगळं फोनमध्ये उघडून नको, कागदावर असावं. रात्रभराच्या प्रवासानंतर फोन बंद पडलेला असणं ही फाटकावर अडकण्याची सगळ्यांत साधी वाट आहे. ओळखपत्राच्या दोन छायाप्रतीही ठेवाव्यात, एक फाटकासाठी लागली नाही तरी एक खोलीच्या नोंदवहीला लागते. परदेशी पाहुणे असतील तर पारपत्र आणि व्हिसाच्या प्रती आल्याआल्या द्याव्या लागतात, कारण मुक्काम देणाऱ्याला त्यांची नोंद २४ तासांत सरकारकडे करावी लागते. हा नियम हॉटेलांइतकाच विद्यापीठांच्या गेस्ट हाउसना आणि वसतिगृहांनाही लागू आहे. गुरुवारी रात्री उशिरा येणारा परदेशी पाहुणा असेल तर आयोजकांनी या प्रती आधीच मेलवर मागवून घ्याव्यात.

आवार मोठं आहे. १९५८ साली स्थापन झालेली ही संस्था पवई आणि विहार तलावांच्या मध्ये, डोंगराच्या कुशीत पसरलेली आहे. मुख्य फाटकापासून टोकाच्या वसतिगृहांपर्यंत चालायला पंचवीस-तीस मिनिटं सहज लागतात. आवारात विजेवर चालणारी बस फिरते, तिला सगळे टमटम म्हणतात, आणि ती फुकट आहे. सुट्टीच्या दिवसांत फेऱ्या किती आहेत ते गुरुवारीच विचारून ठेवावं. खोलीपासून सभागृहापर्यंत एकदा संध्याकाळी चालून पाहिलं की सकाळचा अंदाज पक्का होतो.

वसतिगृहाची खोली म्हणजे लोखंडी किंवा लाकडी पलंग, टेबल, खुर्ची, कपाट, पंखा. गादी कधी भाड्याने आणलेली असते. उशी, पांघरूण, बादली-मग यांची खात्री नसते. दाराला कडी असते, कुलूप आपलं आपण आणायचं. मध्यम आकाराचं, दोन चाव्यांचं, म्हणजे सोबत्याला एक देता येते. याशिवाय पातळ चादर, शाल, डास पळवायचं मलम, चप्पल, साबण, कपडे वाळत घालायला सहा-सात फूट दोरी आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड. खोलीत प्लगची जागा एक किंवा दोनच, आणि दोघांचे दोन लॅपटॉप, दोन फोन. पाण्यात बुडवायचा हीटरचा रॉड आणू नये: वसतिगृहात त्याला मनाई असते आणि खोलीतला साधा ६ अँपिअरचा प्लग त्याने जळू शकतो. गरम पाणी सामायिक न्हाणीघरात सकाळी ठरावीक वेळच मिळतं, म्हणून सहाला उठणारा सुखी. डिसेंबरात पवईला शहरापेक्षा थंडी जास्त जाणवते, डोंगर आणि तलाव जवळ असल्याने. मुंबईत कसली थंडी म्हणून शाल घरी ठेवू नये.

शुक्रवार

आवारात राहणाऱ्यांचा शुक्रवार सोपा. सातला आवरून, मेसमध्ये किंवा गेस्ट हाउसमध्ये नाश्ता करून, नऊला नोंदणीच्या टेबलापाशी. मेसचं कूपन लागत असेल तर ते आदल्या रात्री घ्यावं. सकाळी कूपन देणारा आणि नाश्ता वाढणारा एकाच वेळी भेटत नाही.

बाहेर राहणाऱ्यांची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण इथेच सगळ्यांत जास्त चुका होतात. नकाशावर जवळ दिसणारी जागा आणि सकाळी साडेआठला खरोखर जवळ असणारी जागा पवईत वेगवेगळी असते.

सगळ्यांत जवळ पवईतली हिरानंदानी वसाहत. मुख्य फाटकापासून चालत येता येईल इतकं. इथली हॉटेलं कंपन्यांच्या कामासाठी येणाऱ्यांवर चालतात, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी दर चढे आणि शनिवार-रविवारी थोडे खाली असतात. दोघांनी खोली वाटून घेतली तर प्राध्यापकांना ते जमू शकतं, विद्यार्थ्याला नाही.

साकीनाका आणि मरोळ इथे स्वस्त लॉज पुष्कळ. अंतर पाच-सहा किलोमीटर, मेट्रो १ जवळ, म्हणून नवखा माणूस तिथे जातो. पण ही मेट्रो पवईला येत नाही. वर्सोव्याहून घाटकोपरला जाते. पवईकडे यायला रस्ताच, आणि तो जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला मिळतो, जिथे मेट्रो ६ च्या कामाने रस्ता अरुंद झाला आहे. सकाळी या सहा किलोमीटरला पाऊण तास धरावा, पाऊस असेल तर तास.

ठाणे स्टेशनजवळ राहायची सूचना बरेच जण देतात, लोकलने चारच स्टेशनं म्हणून. सकाळी ठाण्याहून मुंबईकडे येणारी गर्दी मात्र मुंबईतली सगळ्यांत वाईट गर्दी आहे. रोज प्रवास करणाऱ्यांनाच त्यात चढता येतं. डोंबिवली, कल्याण, बदलापूरला मावशीकडे किंवा मामाकडे उतरणाऱ्यांचंही हेच. प्रेमाने बोलावतात, जेवायला घरचं मिळतं, एका रात्रीसाठी जरूर जावं. पण परिषदेच्या दिवशी सकाळी आठला डोंबिवलीहून लॅपटॉपची बॅग आणि पोस्टरची नळी घेऊन गाडीत शिरणं अशक्याच्या जवळ जातं. मावशीला रविवारी रात्रीचा शब्द द्यावा.

बाहेर राहायचंच असेल तर घाटकोपर. कारण सरळ आहे: सकाळी लोंढा दक्षिणेकडे, संध्याकाळी उत्तरेकडे. घाटकोपरहून कांजूरमार्ग उत्तरेला आहे, म्हणजे सकाळी जाताना आणि संध्याकाळी परतताना दोन्ही वेळा गर्दी समोरच्या बाजूला. धीम्या गाडीने विक्रोळी आणि मग कांजूरमार्ग, दोनच स्टेशनं. घाटकोपरला जलद गाड्याही थांबतात आणि मेट्रोही आहे. कुर्ला, दादरलाही हाच न्याय लागतो, फक्त वेळ वाढतो. सात-साडेसातला पोस्टर उतरवून निघालेला माणूस साडेआठपर्यंत घाटकोपरच्या खोलीत असतो; मरोळला जाणारा त्या वेळी बहुधा साकीनाक्याच्या सिग्नलला असतो.

पोस्टरचा आणि मुक्कामाचाही संबंध आहे. ए-झीरो आकाराचं पोस्टर ८४१ मिलिमीटर रुंद आणि ११८९ मिलिमीटर उंच. गुंडाळलं तरी नळी जवळपास ८५ सेंटिमीटरची होते, आणि लोकलमध्ये ती वाकते. बाहेर राहणार असाल तर पोस्टर कापडावर छापून घ्यावं; घडी करून बॅगेत मावतं, सुरकुत्या पडल्या तरी लावल्यावर बऱ्याच सरळ होतात.

शनिवार

दुसऱ्या दिवशी खोलीच्या तक्रारी वर येतात. सोबती घोरतो, पाणी येत नाही, खोली मुख्य रस्त्याच्या बाजूला आहे. खोली बदलून हवी असेल तर सकाळी नऊच्या आत व्यवस्थापकाला सांगावं. दुपारी नवे पाहुणे येतात आणि मग काही हलत नाही.

इंटरनेटचं काम खरं तर घरीच व्हायला हवं होतं. तुमच्या विद्यापीठात एज्युरोम (एकाच खात्यावर वेगवेगळ्या विद्यापीठांत चालणारं वायफाय) असेल तर तेच खातं आयआयटीतही चालतं, पण ते फोनवर आणि लॅपटॉपवर आपल्या गावी एकदा जोडून पाहिलेलं असावं. पवईत आल्यावर पासवर्ड चुकला तर तो दुरुस्त करणारा माणूस तुमच्या गावी असतो, आणि शनिवारी तिथलं कार्यालय बंद. एज्युरोम नसेल तर पाहुण्यांसाठीचं खातं आयोजकांकडे मागावं. सादरीकरण मात्र पेनड्राइव्हवर हवंच.

संध्याकाळी सत्र संपल्यावर आवारात फिरावंसं वाटतं, वाटायलाच हवं, मुंबईत इतकी झाडं दुसरीकडे क्वचित. पण विहारकडच्या डोंगराच्या बाजूला अंधारात एकट्याने जाऊ नये. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शेजारी आहे आणि बिबट्या आवारात दिसल्याच्या नोंदी अनेकदा झाल्या आहेत. पवई तलावात मगरी आहेत. काठावर बसावं, पाण्यात पाय सोडू नयेत. खिडकीत फळं, बिस्किटं ठेवली की माकडं येतात, आणि उघड्या खिडकीतून आत आलेलं माकड खाऊबरोबर चार्जरही नेतं. रस्त्यावरच्या गुरांपासून दोन हात लांबून जावं.

रात्रीच्या जेवणाला परिषदेची मेजवानी नसेल तर आवारातलं गुलमोहर किंवा मार्केट गेटबाहेरची दुकानं. वसतिगृहांची रात्रीची कँटीनं सुट्टीत बंद असू शकतात, म्हणून खोलीत थोडा चिवडा, दशम्या असू द्याव्यात. डब्यातच, माकडांमुळे.

रविवार

शेवटचा दिवस पावत्यांचा आणि मेगाब्लॉकचा, म्हणजे रुळांच्या कामासाठी लोकलचा मार्ग काही तास बंद राहतो त्याचा.

आधी पावत्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांनुसार प्राध्यापकांना परिषदांसारख्या कामांसाठी शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजा मिळते, पण खर्च परत मिळतो तो कागदांवर. उपस्थितीचं प्रमाणपत्र मुक्कामाच्या तारखांशी जुळलं पाहिजे. नोंदणी शुल्क आणि मुक्काम यांची एकच पावती असेल तर कॉलेजचा लेखापाल ती अडवतो, कारण दोन खर्च दोन वेगळ्या शीर्षकांखाली जातात. आयोजकांकडून दोन पावत्या किंवा एका पावतीवर दोन ओळी मागून घ्याव्यात. खोली दोघांनी वाटून घेतली असेल तर अर्ध्या-अर्ध्या रकमेच्या दोन स्वतंत्र पावत्या, पूर्ण नावाने, तारखेसकट. एकाच्या नावाचं बिल झेरॉक्स करून दुसऱ्याने लावलं की दोघांचंही अडकतं. हॉटेलच्या बिलावर जीएसटी क्रमांक हवा. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर लागतो, आधी तो १२ टक्के होता. जुन्या दराने बिल आलं तर तिथेच दुरुस्त करून घ्यावं. हे सगळं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. समारोपानंतर आयोजकांचे स्वयंसेवक सभागृह आवरायला लागतात आणि शिक्का ज्या टेबलाच्या खणात असतो ते टेबल हललेलं असतं.

खोली बाराला सोडायची असेल आणि समारोप चारला असेल तर सामान सकाळीच आवरून खाली ठेवायची सोय बघावी. गेस्ट हाउसच्या काउंटरवर बॅग ठेवता येते का, हे शनिवारी विचारलेलं बरं. वसतिगृहात अशी जागा नसते. सभागृहाजवळ आयोजकांनी एक खोली कुलूप लावून सामानासाठी ठेवली तर शंभर माणसांचा जीव शांत राहतो. आयोजक असाल तर एवढं नक्की करा.

आता लोकल. रविवारी मध्य रेल्वेवर बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो, साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार. तो माटुंगा ते मुलुंड धीम्या मार्गावर असला तर धीम्या गाड्या जलद मार्गावरून वळवतात, आणि कांजूरमार्गला त्या थांबत नाहीत. फलाटावर उभं राहून गाड्या डोळ्यांसमोरून निघून जाताना बघत बसायचं नसेल तर शनिवारी रात्रीच मेगाब्लॉकची बातमी वाचावी. ब्लॉक या पट्ट्यात असेल तर रिक्षाने विक्रोळी किंवा भांडुप गाठावं, बॅगा जड असतील तर सरळ घाटकोपर. रात्रीची गाडी दादर किंवा सीएसएमटीहून असेल तर पवईहून अडीच तास आधी निघणं रास्त. कुर्ला टर्मिनसहून असेल तर दोन तास, रिक्षाने.

रविवारी रात्री निघायचं नसेल तर आवारातली खोली सोमवार सकाळपर्यंत वाढवून मिळते का ते शुक्रवारीच विचारावं. रविवारी संध्याकाळी आवार रिकामं झालेलं असतं, मंजुरी देणारं कार्यालय बंद असतं आणि खोली असूनही ती देता येत नाही. नाहीच मिळाली तर दुपारी चारनंतर, ब्लॉक संपल्यावर, डोंबिवलीची लोकल धरावी. रविवार संध्याकाळी बसायला जागा मिळायची शक्यता असते, आणि मावशीने भात टाकलेला असतो.